दुनळी बंदूक उघडायला आणि मिटायला जड जाते: नेमके कुठे अडत असावे?

काजूबागायतदार, सावंतवाडी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे परवान्यावरची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. ती बर्मिंगहॅमची, शेजारी-शेजारी नळ्यांची, बाहेरून घोडे न दिसणारी आणि इजेक्टर (उडवलेली टरफले बाहेर फेकणारी यंत्रणा) असलेली असून आजोबांकडून वडिलांकडे आणि त्यांच्यानंतर रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. बागेत रानडुकरांचा उपद्रव असल्याने ती नुसती भिंतीवर टांगून ठेवण्याची वस्तू नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा होती आणि परत मिळेपर्यंत पावसाळ्याचा बराच भाग सरला होता.

तेव्हापासून तिची वरची कळ फिरवायला अंगठ्याचा बराच जोर लागतो, नळ्या थोड्या खाली येऊन मध्येच अडतात आणि मिटताना शेवटचा अर्धा इंच गुडघ्याचा आधार घेतल्याशिवाय बसत नाही. मिटल्यावरही कळ पूर्वीसारखी मधोमध येत नाही, किंचित उजवीकडेच राहते. आमच्या घरी बंदुकीला पूर्वीपासून खोबरेल तेलाचा हात फिरवण्याची पद्धत आहे आणि या वेळीही तेच केले, पण फरक पडला नाही. एका नातेवाइकांचे म्हणणे आहे की नळ्यांखालच्या आकड्यावर, म्हणजे बिजागरीत अडकणाऱ्या पोलादी भागावर, कानस फिरवली की बंदूक मोकळी होईल. तसे करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले. यातले घरी काय करता येईल आणि काय करू नये?

निवृत्त आरमोरर

कानस आधी दूर ठेवा. आकड्यावरचे पोलाद एकदा गेले की परत येत नाही, आणि आज जड वाटणारी बंदूक उद्या ढिली होऊन नळ्यांच्या मागे फट पडली, तर ती बार काढण्याच्या लायकीची उरत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली कानस किंवा हातोडी लागलेल्या जुन्या दुनळ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि झिजेने बिघडलेल्यांपेक्षा त्यांचीच संख्या जास्त भरेल.

दुसरे असे की उघडताना जड जाणे आणि मिटताना जड जाणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणे अनेकदा वेगळी असतात, म्हणून दोन्हींवर एकच तेल ओतून उपयोग होत नाही. तुमच्या वर्णनावरून ही बंदूक अँसन आणि डीली या बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी १८७५ मध्ये काढलेल्या बांधणीची दिसते. या बांधणीत आतले घोडे चढवण्याचे काम नळ्यांच्या वजनाकडूनच करून घेतले जाते. नळ्या खाली येऊ लागल्या की पुढच्या लाकडी भागातले लोखंड दोन लहान तरफांना दाबते आणि त्या तरफा घोडे मागे रेटतात. म्हणून दोन्ही बार काढल्यानंतर उघडताना लागणारा जोर हा मुख्य स्प्रिंगांचा असतो आणि तो काही प्रमाणात स्वाभाविक आहे. इजेक्टरचे उलट असते. बार काढून उघडल्यावर इजेक्टरच्या स्प्रिंगा सुटतात आणि त्या पुन्हा चढवण्याचे काम बंदूक मिटताना होते, त्यामुळे तेव्हा मिटायला जोर लागतो. पर्डी या लंडनच्या कंपनीच्या काही बंदुकांत तर मुख्य स्प्रिंगाच उघडायला मदत करतात आणि मिटताना चढतात. १८८० च्या बीझ्लीच्या पेटंटवरची ही रचना मुळातच मिटायला जड असते आणि तो दोष नव्हे. तुमची बंदूक त्या जातीची नाही.

आता तपासणी. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, घरातली काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मगच पुढे जा. बंदूक उघडा, मिटा आणि चाप न ओढता पुन्हा उघडा. घोडे आधीच चढलेले असल्याने ही दुसरी उघड स्पष्टपणे हलकी वाटली पाहिजे. हलकी वाटली तर अडथळा घोडे चढवण्याच्या यंत्रणेत आहे. तितकीच जड वाटली तर तो बिजागरीत किंवा आकड्याच्या खाचांत शिरून बंदूक बंद ठेवणाऱ्या खालच्या बोल्टमध्ये आहे. त्यानंतर पुढचा लाकडी भाग काढून ठेवा आणि नळ्या हाताने बिजागरीला नीट टेकवून धरत सावकाश मिटा. अशा वेळी त्या मोकळेपणाने मिटल्या तर दोष काढून ठेवलेल्या भागात आहे, आणि तरीही अडल्या तर आकडा, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस नळीतून मागे ढकलणारा भाग) किंवा नळ्या ज्याला टेकतात तो मागचा सपाट तोंडवळा यांपैकी कुठेतरी. बंदूक सुटी केलेली असताना चाप मात्र ओढू नका. घोडे पडले की पुढचा भाग परत बसत नाही आणि लोक तो ठोकून बसवायला जातात.

खोबरेल तेलाबद्दल स्पष्टच सांगतो. ते साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजते, आणि उघड्यावर पडून राहिले की चिकट होऊन धूळ धरते. त्याहून वाईट म्हणजे जवसाचे तेल. दस्त्याच्या लाकडाला ते उत्तम, परंतु वाळून त्याचा पापुद्रा होतो, आणि लाकडावरून ओघळून ते आतल्या भागांत शिरले असेल तर कळ जड होणारच.

छर्रा नंबर चार

आरमोरर साहेबांनी सर्व काही रिकाम्या बंदुकीबाबत सांगितले आहे. मला काडतुसाबद्दल विचारायचे आहे. बार काढल्यानंतर उघडायला अधिकच जड जाते का? तसे असेल तर नळीच्या मागच्या खोलीची, म्हणजे चेंबरची, लांबी तपासा. जुन्या इंग्रजी बारा बोअर बंदुकांत ही लांबी बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असते, तर आज मिळणारी पुष्कळशी काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. पाकिटावरची लांबी ही बार काढल्यानंतर तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. न उडवलेले काडतूस त्याहून आखूड असल्याने ते ६५ च्या चेंबरमध्ये सहज शिरते आणि मालकाची समजूत होते की माप बरोबर आहे. बार काढल्यावर मात्र तोंड उलगडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि रिकामे टरफल चेंबरला घट्ट बसते. हा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवरचे प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे, शिक्के वाचून घ्या. १९२५ नंतरच्या इंग्रजी बंदुकीवर चेंबरची लांबी इंचांत कोरलेली असते.

उडवलेल्या काडतुसाची टोपी, म्हणजे बुडाच्या मधली ठिणगी देणारी वाटी, तीही पाहा. टोपीवर आदळणाऱ्या पिनेच्या खड्ड्यापासून एका बाजूला ओरखडा गेलेला दिसला, तर पिन वेळेवर मागे सरत नाही आणि उघडताना टोपीत अडकते, असे समजावे.

काजूबागायतदार, सावंतवाडी

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. दुसरी उघड पहिलीपेक्षा हलकी आहे, परंतु अगदी मोकळी नाही. पुढचा लाकडी भाग काढल्यावर नळ्या जवळजवळ पूर्ण मिटतात, फक्त शेवटी केसभर अडतात आणि कळ तेव्हाही उजवीकडेच राहते. नळ्यांखाली अडीच इंचाचा शिक्का स्पष्ट वाचता आला. घरातली काडतुसे ७० मिलिमीटरची निघाली, ती बाजूला काढली आहेत. सुदैवाने बंदूक परत आल्यापासून त्यांतले एकही वापरलेले नव्हते. जुन्या टरफलांच्या टोप्यांवर ओरखडा दिसत नाही. पुढचा लाकडी भाग नळ्यांना दोन्ही कडांनी घासत असल्याच्या चकाकत्या रेषा मात्र दिसतात.

निवृत्त आरमोरर

म्हणजे तुमच्याकडे दोन दोष एकत्र आले आहेत, आणि दोन्ही साधे असण्याची शक्यता बरीच आहे. कोकणातल्या पावसाळ्यात दमट खोलीत पडून राहिलेले अक्रोडाचे लाकूड फुगते. त्याने नळ्यांना आणि बिजागरीच्या लोखंडाला दाबून धरले की उघडणे आणि मिटणे दोन्ही जड होते. त्यावर रंधा किंवा काचकागद चालवण्याची घाई करू नका. उन्हात किंवा चुलीपाशीही ठेवू नका, कारण पटकन वाळलेले लाकूड तडकते. सुटा भाग कोरड्या कपाटात काही आठवडे राहू द्या. उन्हाळ्यात आपोआप मोकळे होणारे लाकूड आज तासले, तर तेव्हा ते खुळखुळेल.

फोरएंड, म्हणजे पुढचा लाकडी भाग, काढल्यानंतरही जे केसभर अडते, त्याचे कारण मी प्रथम एक्स्ट्रॅक्टरखाली शोधेन. तिथे दारूचा न जळलेला कण, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा थिजलेल्या तेलाचा थर साचला की एक्स्ट्रॅक्टर पूर्ण आत बसत नाही आणि मिटताना मागच्या तोंडवळ्याला टेकतो. जुना दात घासण्याचा ब्रश आणि थोडे रॉकेल घेऊन ती जागा, आकड्यातल्या बोल्टच्या खाचा आणि बिजागरीची पिन स्वच्छ करा, रॉकेल लाकडाला लागू देऊ नका आणि नंतर सर्व कोरडे पुसून घ्या. खाचांत मळ असला की बोल्ट पूर्ण आत जात नाही. तुमची कळ उजवीकडे राहते ती बहुधा त्यामुळेच. नव्या बंदुकीची कळ किंचित उजवीकडे ठेवलेली असते, म्हणजे झिजत झिजत ती मध्यावर यावी; पण मध्यावर येणारी कळ अचानक उजवीकडे थांबू लागली तर कुलूप पुरते लागलेले नाही असेच धरावे, आणि ती पूर्ववत होईपर्यंत एकही बार काढू नये.

साफ केल्यावर बिजागरीच्या पिनेला, आकड्याच्या खोबणीला आणि फोरएंडच्या लोखंडाचा जो गोल भाग बंदुकीवर फिरतो त्याला ग्रीसचे बोट लावा. इथे पातळ तेल टिकत नाही, दाबाखाली निघून जाते. इतर ठिकाणी शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो.

छर्रा नंबर चार

एवढे करूनही अडलेच, तर नेमकी जागा दाखवणारी एक जुनी युक्ती सांगतो. रॉकेलच्या चिमणीवर आकडा आणि नळ्यांची मागची बाजू धरून काजळीचा पातळ थर बसवा, बंदूक एकदा सावकाश मिटून उघडा, आणि काजळी कुठे पुसली गेली ते पाहा. जिथे घासले तिथे धातू चकाकतो. या खुणेचा फोटो काढून ठेवला तर कारागिराचा तर्क करण्यात वेळ जात नाही.

मात्र दुरुस्ती परवानाधारक गन हाऊसमध्येच करून घ्या. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार व्यवसाय म्हणून बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे गावातल्या लोहाराचा हात कितीही कुशल असला तरी त्याला अडचणीत टाकू नये. नेताना परवाना सोबत ठेवा.

काजूबागायतदार, सावंतवाडी

एक्स्ट्रॅक्टरखाली हिरवट, मेणासारखा थर निघाला. आकड्याच्या पुढच्या खाचेतही तोच होता. दोन्ही जागा साफ करून ग्रीस लावल्यानंतर, फोरएंड काढलेला असताना, नळ्या हलक्या हाताने मिटतात आणि कळ मधोमध येते. फोरएंड कपाटात ठेवला आहे. त्याच्या रेषा अजून नळ्यांना लागतात, तेव्हा महिन्याभराने पुन्हा काजळी धरून पाहीन आणि तरीही लागत असतील तर गन हाऊसमध्ये नेईन. ६५ मिलिमीटरची काडतुसे मिळतात का, याची चौकशीही तिथेच करतो.

निवृत्त आरमोरर

फोरएंड परत बसवताना घोडे चढलेले आहेत याची खात्री करा. आणि मिटताना नळ्या वर फेकून आपटू नका. उजव्या हाताने दस्ता वर आणून नळ्यांना भेटवावा, म्हणजे सगळा भार बिजागरीवर येत नाही.