कयाकवरून स्कूबा: सिलिंडरसह परत चढायचे कसे?

प्रश्न: वस्तीपासून दूरच्या किनाऱ्यावर आम्ही दोघे कयाकवरून (वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवरून) स्कूबा डायव्हिंग करणार आहोत, जड सिलिंडर असताना कयाक न उलटवता परत कसे चढावे?

उत्तर: सिलिंडर पाठीवर घेऊन चढूच नये. पाण्यातच आधी वजनाचा पट्टा सोडून कयाकवर ठेवावा, मग सिलिंडर ज्याला जोडलेले असते ते तरंगण्याचे जॅकेट हवा भरून सिलिंडरसह काढून दोरीने कयाकला बांधावे आणि पाय मारत पोटावर वर सरकावे. सामान नंतर ओढून घेता येते. उतरतानाही आधी सामान पाण्यात सोडावे.

दुसरे उत्तर: मला प्रवाहाची अधिक काळजी वाटते. नांगर रुतला आहे का, हे तळाशी पोहोचताच पाहावे आणि सुरुवात प्रवाहाविरुद्ध करावी, म्हणजे दमल्यावर पाणीच कयाककडे आणते. वर येताना ५ मीटर खोलीवर सुरक्षेसाठी घ्यायचा ३ मिनिटांचा थांबा नांगराच्या दोरीपाशी घ्यावा.

तिसरे उत्तर: वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर कृपया त्या दिवशी जाऊच नका.