मन थाऱ्यावर नसताना दुसऱ्याच्या मदतीला जावे का?

प्रश्न : मार्चमध्ये नोकरी गेली, तेव्हापासून मला पहाटे तीनलाच जाग येते. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर बसलेल्या नातेवाइकांना काही मदत करावी असे वाटते, पण स्वतःच खचलेल्या माणसाने हे करणे म्हणजे पळवाट तर नव्हे?

उत्तर १ : पळवाट असली तरी जावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमच्या कुर्ल्याच्या चाळीत तळमजला पाण्याखाली होता आणि भावाचा पत्ता नव्हता. मी मात्र जिन्यावर अडकलेल्या अनोळखी लोकांसाठी स्टोव्हवर पातेलेभर चहा उकळत राहिले, तेव्हा कुठे हातांची थरथर थांबली. (भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी चालतच घरी आला, एका चपलेनिशी.)

उत्तर २ : जरूर जा, मात्र आठवड्यातला एकच वार ठरवा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे कर्करुग्ण उतरतात. त्यांच्यापैकी एका कुटुंबाला माझा धीर नको होता, केसपेपरच्या रांगेत उभे राहणारा माणूस हवा होता. झोपेसाठी मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्नकर्ता : मंगळवार ठरवला आहे.