प्लेटवर झोन येतो, ब्रॉथमध्ये गायब. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मंगळवेढ्याहून मामाच्या ज्वारीच्या रानातली काळी माती आणली, आठवडाभर वाळवली आणि स्टार्च केसीन अगारवर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) लावली. खडूसारखी पांढरी, अगारात रुतून बसलेली एक कॉलनी मिळाली. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास! दिसायला स्ट्रेप्टोमायसिस (अँटिबायोटिक बनवणारे मातीतले जिवाणू), १६एस (जनुकावरून ओळख) व्हायचंय.

प्लेटवर स्टॅफ ऑरियस या जिवाणूसमोर १८ मिमी झोन, म्हणजे तो जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ. मी हवेत. मग ब्रॉथ (द्रव माध्यम) लावला: ग्लुकोज २%, पेप्टोन, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.२%, पीएच ७.२, १५० आरपीएम. वाढ भरपूर, गोळेच गोळे, पण सातव्या दिवशी सुपरनॅटंटला (गोळे काढून उरलेलं वरचं द्रव) झोन शून्य. ग्लुकोज काढून स्टार्च घातला, तर पाचव्या दिवशी ११ मिमी (वेल, म्हणजे नमुना ओतायचं अगारातलं भोक, ६ मिमीची), नवव्या दिवशी तेही गेलं.

आमचा शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) तापतो, गार होत नाही. मे महिन्यात दुपारी खोली ३८ वर जाते. त्यात रात्री वीज गेली की सकाळी गोळे तळाशी बसलेले. सर म्हणतात थेट आरएसएम (अनेक घटक एकत्र बदलून ग्राफवरून योग्य प्रमाण शोधायची संख्याशास्त्रीय पद्धत) कर. पण मुळात झोनच येत नसेल तर ग्राफ कशाचा काढू? आधी काय बदलू?

प्रतिसाद १
आरएसएम राहू दे. ०.२% म्हणजे साधारण ११ मिलीमोलर फॉस्फेट झालं, एवढ्यावर बऱ्याच स्ट्रेप्टोमायसिसचं उत्पादन दबतं. ०.०५% वर आण. मग पीएच धरायला कोणी उरत नाही, म्हणून थोडं कॅल्शियम कार्बोनेट घाल. तुझा जीव चुनखडीच्या मातीतलाच आहे, बिचकणार नाही. ३८ ला वाढ होईल, पण अँटिबायोटिक बनण्याची तापमानाची पट्टी वाढीपेक्षा अरुंद असते. २८-३० ची सोय कर, एसीवाल्या खोलीत शेकर हलवावा लागला तरी. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच माध्यम घे, हवा खेळू दे. तिसऱ्या दिवसापासून रोज नमुना काढ आणि पीएच बघ. त्याच पीएचचं कोरं माध्यमही एका वेलमध्ये घाल, नाहीतर ११ मिमी कशाचे ते कळायचं नाही.

प्रतिसाद २
सुपरनॅटंटच तपासलास ना? गोळ्यांचं काय केलंस? काही अँटिबायोटिक्स मायसेलियममध्येच (जिवाणूच्या तंतूंच्या जाळ्यात) अडकून राहतात. मेथॅनॉलने काढून बघ, नुसत्या मेथॅनॉलची वेल सोबत ठेव.

धागाकर्ती
गोळे ऑटोक्लेव्ह करून टाकून दिले! दोन्ही वेळा. आज संध्याकाळीच नवं सीड (ब्रॉथमध्ये घालायची सुरुवातीची वाढ) लावते.