मदत हवी आहे: पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळ गोव्यात कुणाकडे उघडावं?

मंडळी, नमस्कार. मी फोंड्याचा. बोटीवर नोकरी केलेल्या माझ्या मामांनी जिवापाड जपलेलं आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं दा विंची घड्याळ आता माझ्याकडे आलंय. १९८५ साली आलेलं, तिथले घड्याळजी कुर्ट क्लाउस यांनी रचलेलं मॉडेल.

त्याचं पर्पेच्युअल, म्हणजे महिन्यांचे लहानमोठे दिवस आपोआप सांभाळणारं, कॅलेंडर तासन्‌तास बघत बसावं असं आहे. तारीख, वार, महिना, चंद्राची कला आणि चक्क चार आकडी साल, सगळं एकमेकांत गुंफलेलं. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २९ चा कधी, हे चार वर्षांत एक फेरा घेणाऱ्या चकतीच्या चढउतारांवरून ठरतं. शतकाचे आकडे असलेली पट्टी तर शंभर वर्षांत एकदाच सरकते! बॅटरी नाही, चिप नाही, फक्त दाते, तरफा आणि स्प्रिंगा. हे सुचणाऱ्या माणसाला माझा दंडवत.

मामांच्या आजारपणात ते बंद पडलं, त्यामुळे तारीख काही महिने मागे आहे. सगळं एकाच क्राउनने (बाजूच्या चावीच्या बोंडाने) पुढे जातं, मागे येत नाही. चुकून पुढे गेलं तर तो दिवस उजाडेपर्यंत घड्याळ थांबवून ठेवायचं, म्हणून अजून हात लावलेला नाही. आतलं तेलही सुकलं असेल. आधी सर्व्हिसिंग करून मगच तारीख लावावी ना?

पणजी, मडगावात असं मशीन खरोखर उघडलेला कारागीर कुणाला माहीत आहे का, की थेट मुंबईच गाठू? आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तुम्ही अशी घड्याळं कशी ठेवता?