‘यशस्वी’ कोणाला म्हणायचं? शाळेनंतरच्या आयुष्यासाठीचे शब्द

आमच्या वर्गाला शाळा सोडून ३० वर्षं झाली, म्हणून सगळ्यांना एक छोटी प्रश्नावली पाठवायचं ठरलं. ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. नोकरी-व्यवसाय, घरची मंडळी, शाळेतली एखादी आठवण, हे सगळं सहज लिहून झालं. शेवटचा प्रश्न मी असा घातला: ‘तुम्ही आयुष्यात यशस्वी झालात असं तुम्हाला वाटतं का?’

पाठवण्याआधी एका मैत्रिणीकडून ती भरून घेतली. ती भराभर लिहीत होती, पण या प्रश्नाशी तिचं पेन थांबलं. तिने ‘हो’ लिहिलं आणि खोडलं. ‘नाही’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘बरं चाललंय.’ मी विचारलं, म्हणजे हो की नाही? ती म्हणाली, ‘अगं, यशस्वी वगैरे मी कुठली! पण माझं वाईटही काही झालेलं नाही. मुलं मार्गी लागली, कोणाचं देणं नाही, रात्री शांत झोप लागते.’

तिच्या उत्तरात मला काही खोट दिसत नाही. माझ्या प्रश्नातला शब्दच चुकला असावा. मग कोणता शब्द घालू? सफल, कृतार्थ, समाधानी, स्थिरस्थावर? यांच्या छटा नेमक्या कुठे वेगळ्या होतात?

प्रतिसाद (भाषांतर करणारे एक गृहस्थ)

अडचण ‘यश’ या शब्दाच्या घडणीतच आहे. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती. अमरकोशात ‘यशः कीर्तिः समज्ञा च’ असे ते शब्द एका ओळीत बसवलेले आहेत. हिंदीतही ‘यश’ म्हटलं की नावलौकिकच आधी डोळ्यांसमोर येतो. आपण ज्याला यश म्हणतो त्याला तिथे ‘सफलता’ म्हणतात.

मराठीने यश कामाशी बांधलं. क्रियापदं पाहा. प्रयत्नांना यश येतं, उपचारांना यश येतं, बोलणी यशस्वी होतात. डॉक्टरबद्दलसुद्धा आपण ‘त्यांच्या हाताला यश आहे’ असं म्हणतो, म्हणजे यश हाताला, त्या हाताने केलेल्या कामाला. माणसाला यश मिळतं तेही कशात तरी: परीक्षेत, निवडणुकीत, धंद्यात. ‘तिला यश मिळालं’ एवढंच कोणी म्हणालं तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘कशात?’ आता तिथे ‘आयुष्यात’ असं उत्तर देऊन पाहा. बसत नाही. आयुष्य हे काही हाती घेतलेलं एखादं काम नव्हे, की ते तडीला गेलं का नाही हे अमुक तारखेला सांगता येईल.

आणि ‘यशस्वी’ हे विशेषण अख्ख्या माणसाला लावलं की जुनी कीर्ती मागच्या दाराने परत येते. तुमच्या मैत्रिणीला शब्द जड झाला तो म्हणूनच. ‘मी नामांकित आहे’ असं स्वतःबद्दल लिहायला कोणाचा हात धजावेल?

मूळ धागाकर्ती

‘कशात?’ ही कसोटी फार आवडली. त्यावरून आणखी एक गोष्ट लक्षात आली. यातला प्रत्येक शब्द कोणी कोणाबद्दल उच्चारायचा हे जवळपास ठरलेलं आहे. ‘नाव काढलं’ हे दुसऱ्याने म्हणायचं. ‘मी शाळेचं नाव काढलं’ असं आपणच म्हटलं तर ते कानाला टोचतं. ‘मार्गी लागला’ हे बहुतेक वेळा वडीलधारे म्हणतात, मुलांबद्दल. ‘चांगला निघाला’ यात तर माणसाचा स्वतःचा हातच दिसत नाही, फळ कापल्यावर गोड निघावं तसा तो निघतो. स्वतःबद्दल बोलायला आपल्याकडे उरतं ते ‘बरं चाललंय’, ‘ठीक आहे’, ‘तक्रार नाही’. मला हे तीन कधीच कमी दर्जाचे शब्द वाटले नाहीत. ‘तक्रार नाही’ म्हणायला माणसाने बरंच काही पार केलेलं असतं.

प्रतिसाद

आमच्या पिढीत एकच शब्द चालतो, सेटल. ‘अजून सेटल व्हायचंय’, ‘तो सेटल झाला’. स्थिरस्थावरचा तो नवा अवतार. पण त्याला यश म्हणू नये. त्यात फक्त धावपळ थांबल्याचा भाव आहे.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका)

माझे जुने विद्यार्थी भेटायला येतात. चाळिशी उलटलेली, केस पिकायला लागलेले. त्यातले कितीतरी जण खुर्चीवर बसायच्या आधीच सांगतात, ‘बाई, मी काही विशेष केलं नाही हं.’ मी विचारलेलंही नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडी आपणच कधीतरी घातलेलं असतं.

म्हणून या चर्चेत ‘चीज होणे’ हा शब्दप्रयोग यायलाच हवा. चीज हा मूळ फारसी शब्द, अर्थ वस्तू. कष्टाचं चीज झालं, म्हणजे त्या कष्टातून काही हाती लागलं. इथवर तो सुंदर आहे. पण शाळेच्या संदर्भात तो बहुधा नकारातच ऐकू येतो: ‘एवढा हुशार मुलगा, पण हुशारीचं चीज झालं नाही.’ मी स्वतः हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत एका माजी विद्यार्थ्याबद्दल बोलले होते. तो दारात उभा होता. त्याने ऐकलं, नमस्कार केला, पाच मिनिटं बसला आणि गेला. लहान मुलांना तो अतिशय मन लावून शिकवत असे, हे मला नंतर कळलं. हुशारीचं चीज कशात होतं हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

‘वाया गेला’ तर त्याहून वाईट. पाणी वाया जातं, वेळ वाया जातो. माणसाला ते क्रियापद लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (मागच्या बाकावरचा)

बाई, तुमचं लिहिणं वाचून थांबलो, म्हणून लिहितो. मी शाळेत एकदा नापास झालो. ‘नापास’ हा शब्द कसा झालाय पाहा: ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी, आणि झाला आपल्या घरचा. मोठेपणीही आम्ही आयुष्याचा हिशेब याच शब्दांत करतो. ‘संसारात पास झालो’, ‘धंद्यात नापास’, ‘तो पुढे गेला’, ‘मी मागे पडलो’. शाळा सुटते, निकालपत्रक सुटत नाही.

मला विचाराल तर ‘उत्तीर्ण’ हा शब्द परत मिळवायला हवा. उत् आणि तीर्ण, पार करून पलीकडे पोहोचलेला. त्यात किती गुण पडले हे नाही, कितवा आला हेही नाही. नदी उतरून गेलेल्याला काठावर कोणी टक्केवारी विचारत नाही. मी यशस्वी नाही. उत्तीर्ण आहे, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन.

प्रतिसाद (समाजशास्त्र शिकलेली एक वाचक)

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली हायस्कूल पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण एक तृतीयांश, म्हणजे १०,३१७ जण निवडले गेले आणि पुढे अनेक दशकं त्यांचा मागोवा घेतला गेला. त्याच माहितीवर डेबोरा कार यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पस्तिशीच्या सुमाराला स्त्रियांनी कामाबद्दल काय मनाशी धरलं होतं आणि पन्नाशीनंतर त्या कुठे पोहोचल्या होत्या, याची त्यांनी तुलना केली. ठरवलं होतं त्याच्या अलीकडेच राहिलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य अधिक आणि जगण्याला काही हेतू असल्याची भावना कमी आढळली.

आपल्या चर्चेशी याचा संबंध असा, की इथे माप ‘यशस्वी का?’ हे नाही. आपलंच आधीचं मागणं आणि आपलीच आजची जागा यांच्यातलं अंतर हे माप आहे. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, कृतार्थ: कृत अर्थ, ज्याचा हेतू पुरा झाला तो. यशस्वीमध्ये बघणारे लोक लागतात, कृतार्थमध्ये लागत नाहीत. अडचण एवढीच, की तो शब्द आपण उतारवयासाठी राखून ठेवलाय. पंचेचाळिशीत कोणी ‘मी कृतार्थ आहे’ म्हणालं तर प्रकृती बरी आहे ना, असं विचारतील. ‘सफल’चंही तेच. ‘जन्म सफल झाला’ असं आपण मागे वळून म्हणतो. कहाणीसुद्धा संपल्यावरच सुफळ संपूर्ण होते, मध्यावर नाही.

मूळ धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नातून ‘यशस्वी’ काढलं. ‘कृतार्थ’ही घातलं नाही, कारण वर म्हटलंय तसं ते आमच्या वयाला लवकर होतं. ‘समाधानी’ घालून पाहिलं, पण त्याला सगळे सवयीने ‘हो’ म्हणतील अशी भीती वाटली. आता प्रश्न असा आहे: ‘शाळा सोडताना मनात काय होतं? त्यातलं काय झालं, काय राहिलं?’

मैत्रिणीला पुन्हा दिला. या वेळी तिने खाडाखोड केली नाही. दोन्ही बाजू भरून लिहिलं. त्यात एक ओळ होती, ‘चित्रं राहिली.’ मी विचारलं, राहून गेली की टिकून राहिली? तीही क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, ‘शिकायची राहून गेली. पण काढते अजून.’

‘राहणे’ या एकाच क्रियापदात सुटून जाणं आणि टिकणं दोन्ही कसं मावतं, यावर कोणाला लिहिता येईल का?