अ‍ॅस्टेरिक्सवाला उदेर्झो खरंच रंगांधळा होता का? आणि त्याच्या घरचं काय?

खोडरबर:
नमस्कार मंडळी. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, सारखी चित्रं काढत असतो, गणिताची वही मागच्या पानापासून भरत येतो. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळा दिसत नाही. झालं, घरात सुतक पडल्यासारखी शांतता. ताई म्हणते आता तो नाद सोड आणि अभ्यासाला लाग, आणि पोरगा कुणाशी बोलेनासा झालाय. मला पुसटसं आठवतंय की अ‍ॅस्टेरिक्स ही फ्रेंच चित्रकथा काढणारा अल्बेर उदेर्झो पण रंगांधळा होता, खरंय का हे? कॉलेजात असताना लायब्ररीतून आणून सगळे अंक फडशा पाडल्यासारखे वाचलेत पण माणसाबद्दल माहिती शून्य. घरचे कसे होते, शिकला कुठे, अ‍ॅस्टेरिक्सच्या आधी पोटापाण्याला काय करायचा? भाच्याला उगाच गोड गोष्ट सांगायची नाहीये, तो लगेच पकडतो, म्हणून इथे विचारतोय.

जुनी_रद्दी:
खरंय. लाल-हिरव्याचाच घोळ. लहानपणीच कळलं होतं आणि मग तो रंगांवर लेबलं लावून काम करायचा, म्हणजे कुठला रंग कुठला ते वाचून. बाकी जमेल तिथे काळ्या-पांढऱ्यातच राहायचा. पण त्याच्या आधी दुसरी गंमत ऐका, जन्मला तेव्हा दोन्ही हातांना सहा-सहा बोटं होती! जास्तीची ऑपरेशन करून काढली. पुढे ज्या हातांनी एवढं काम केलं त्यांची सुरुवात अशी.

जन्म २५ एप्रिल १९२७, रॅन्सजवळचं फिम नावाचं छोटं गाव. आईवडील इटालियन, पोटासाठी फ्रान्सात आलेले. वडील सिल्व्हिओ सुतार, पुढे व्हायोलिन वगैरे वाद्यं बनवायला लागले (आपल्या मिरजेचे सतारमेकर डोळ्यासमोर आणा). याच्या आधी त्यांना एक अल्बेर झाला होता तो तान्हा असतानाच न्यूमोनियाने गेला, म्हणून याचंही नाव अल्बेर ठेवायचं ठरलं. वडील नोंदवायला गेले, त्यांच्या इटालियन उच्चारामुळे कारकुनाने ऐकलं अल्बेर्तो आणि लिहिलंही अल्बेर्तो. कागदावर तेच राहिलं. कारकून सगळीकडे सारखेच.

मग पॅरिसच्या बाहेर क्लिशी-सू-ब्वा. १९३४ ला फ्रेंच नागरिकत्व मिळालं पण आडनाव थोडंच बदलतं. स्पेनचं यादवी युद्ध चालू असताना, गेर्निका या तिथल्या गावावर इटालियन विमानांनीही बॉम्ब टाकल्याच्या रागात एका माणसाने हा इटालियन पोरगा म्हणून त्याच्या तोंडावर थुंकलं होतं. वय असेल दहाच्या आसपास. लहानपणी त्याला खरं तर विदूषक व्हायचं होतं, सर्कशीतला. चित्रकार हे नंतर.

शाईवाला:
शाळेबद्दल मी सांगतो कारण हा माझा आवडता भाग आहे. आर्ट स्कूल वगैरे काही नाही. १९४० मध्ये, वय तेरा, मोठा भाऊ ब्रुनो त्याला एका प्रकाशकाकडे घेऊन गेला, सोसिएते पारिझिएन देदिसिओं, आणि तिथे हा उमेदवार म्हणून चिकटला. काम काय तर लेटरिंग, फोटोंचं रिटचिंग आणि पडेल ते. लोकांना वाटतं हे हलकं काम, पण मी स्वतः बावीस वर्षं साइनबोर्ड आणि छपाईत काढलीत, सांगतो, संवादाच्या फुग्यातली अक्षरं हाताने लिहायला लागलं की जागा कळते. किती शब्दांना किती फुगा, फुगा कुठे ठेवला की डोळा आधी डावीकडे जाईल, दुसऱ्याच्या रेघेवर हात फिरवताना आपली रेघ कशी लपवायची. हे शिकायला वर्ग नसतो. तिथेच त्याला काल्व्हो भेटला, प्राण्यांच्या चित्रकथा काढणारा त्या काळचा उस्ताद, त्याने पोराला काढत राहा म्हणून पाठबळ दिलं. आणि पहिलं छापलेलं काम म्हणजे कोल्हा-कावळ्याच्या गोष्टीची टिंगल.

म्हणजे रंग येतात कुठे यात? कॉमिक्सची अर्धी लढाई शाईच्या रेघेत असते. रंग भरणारा बरेचदा दुसराच असतो. उदेर्झोच्या बाबतीत पुढे धाकटा भाऊ मार्सेल मदतीला होता. भाच्याला सांगा शाई बघ आधी.

परतीचं_तिकीट:
मी पॅरिसच्या पूर्वेकडच्या उपनगरात चार वर्षं राहिलेय म्हणून थोडं घालते. युद्धात ब्रुनोला जर्मनांच्या सक्तीच्या मजुरीपासून पळायचं होतं, तो फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटनीत जाऊन लपला आणि अल्बेर पण वर्षभर त्याच्याकडे जाऊन राहिला, शेतावर काम केलं, समुद्र बघितला, तो भाग त्याला इतका आवडला की वीसेक वर्षांनी गोष्ट लिहिणारा गॉसिनी म्हणाला अ‍ॅस्टेरिक्सचं गाव कुठे ठेवायचं ते तू ठरव, फक्त समुद्राजवळ ठेव म्हणजे बोटीने प्रवास करता येईल, तेव्हा याने डोळे झाकून ब्रिटनी निवडलं. अंकाच्या सुरुवातीच्या नकाशावर भिंगाखाली ते गाव दिसतं ना, तो कोपरा लपून बसलेल्या भावामुळे आलाय, हे मला कळलं तेव्हा मी अंक परत काढून ते पान बघितलं.

मधली वर्षं मात्र सोपी नव्हती हां. युद्धानंतर क्लोपिनार नावाचा एक पायाचा, एक डोळ्याचा नेपोलियनचा म्हातारा शिपाई काढला, मग बेल्वा नावाचा शूर वीर, मग ऑस्ट्रियात लष्करी सेवा, मग १९५० च्या आसपास वर्तमानपत्रासाठी बातम्यांची चित्रं. १९५१ ला पॅरिसच्या एका एजन्सीच्या ऑफिसात रने गॉसिनी भेटला. दोघांनी मिळून उंपा-पा नावाच्या रेड इंडियनची गोष्ट तेव्हाच काढली, कुणी घेतली नाही, सात वर्षं पडून राहिली आणि १९५८ ला कुठे छापायला लागली. मध्ये १९५३ ला आदाशी लग्न (तीही इटालियन वंशाची), १९५६ ला मुलगी सिल्व्ही. आणि त्याच १९५६ ला काय झालं, चित्रकार-लेखकांच्या हक्कांची मागणी केली म्हणून गॉसिनीला एजन्सीने काढून टाकलं, त्याच्या बाजूने उदेर्झो आणि लेखक शार्लिये पण बाहेर पडले. घरात तान्हं बाळ आणि हा नोकरीवर पाणी सोडतोय! त्या वेळी आदा काय म्हणाली असेल असं मला नेहमी वाटतं.

जुनी_रद्दी:
@परतीचं_तिकीट मामी, बोबिन्यीचा फ्लॅट राहिला की.

परतीचं_तिकीट:
मामी?? बरं. हो, बोबिन्यी. सरकारी स्वस्त घरांच्या इमारतीतला फ्लॅट, आपल्याकडे म्हाडाची घरं असतात तसा. ऑगस्ट १९५९. नवीन साप्ताहिक निघणार होतं, पिलोत, त्यासाठी या दोघांनी मध्ययुगीन कोल्ह्याची कथा ठरवली होती आणि ऐन वेळी कळलं की ती दुसरा चित्रकार आधीच काढतोय. हातात काही नाही, उकाडा, समोर पास्तिसचे ग्लास, आणि गॉसिनी म्हणतो फ्रान्सच्या इतिहासातले काळ एकेक सांग. उदेर्झो म्हणाला आदिमानव, नको, ते झालेलं. पुढे? गॉल, म्हणजे रोमनांच्या काळात फ्रान्सात राहणारे लोक. तिथे थांबले. गॉसिनीला नायक छोटा, काडीसारखा हवा होता, उदेर्झोला धिप्पाड काढायची हौस, म्हणून शेजारी ओबेलिक्स उभा राहिला. पिलोतचा पहिला अंक आला २९ ऑक्टोबरला.

शाईवाला:
आणि त्या एकाच अंकात उदेर्झोची दोन कामं होती हे विसरू नका. एकीकडे मोठ्या नाकाचे गॉल, दुसरीकडे शार्लियेने लिहिलेली मिशेल टांगी, वैमानिकांची, त्यात एकदम खरीखुरी जेट विमानं, कॉकपिट, सावल्या. मी दोन्हीची पानं शेजारी ठेवून बघितलीत, हात एकच आहे हे पटत नाही. ही दुहेरी मजुरी अनेक वर्षं चालली. पहिला अ‍ॅस्टेरिक्सचा अल्बम १९६१ ला निघाला तेव्हा सहा हजार प्रती, बस्स. तेव्हा याचं वय चौतीस. म्हणजे प्रकाशकाकडे पाऊल टाकल्यापासून एकवीस वर्षं.

तिरकस:
छान सगळं, पण एवढं प्रेमाचं कुटुंब म्हणून भाच्याला विकू नका. शेवटी अ‍ॅस्टेरिक्स छापणाऱ्या कंपनीचे शेअर विकण्यावरून बाप आणि ही सिल्व्ही कोर्टात गेले होते, बरीच वर्षं चाललं ते, २०१४ ला मिटलं. आणि सगळ्या रंगांधळ्या पोरांना ब्रुनो मिळत नाही.

जुनी_रद्दी:
ते खरंय, पण प्रश्न सुरुवातीच्या काळाचा आहे ना. तेव्हाचं घर चांगलं होतं, म्हातारपणी भांडले. आपल्या वाड्यात काय वेगळं असतं.

खोडरबर:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री पोराला बसवून सगळं वाचून दाखवलं, तिरकस यांच्यासकट. बारा बोटांना हसला, थुंकण्याच्या भागाला गप्प झाला. लेबलांचं ऐकून काही न बोलता उठला आणि आईची नेलपॉलिशची रिकामी बाटली, जुनी स्टिकरं आणि स्केचपेनांचा डबा घेऊन बसला. आत्ता बघितलं तर प्रत्येक पेनावर चिठ्ठी आहे, हिरव्यावर 'गवत', लालवर 'आईचा राग'. ताईने वाचलंय ते. अजून काही बोलली नाहीये.

शाईवाला: एक काळ्या शाईची बाटली आणि टाकाची दोन निबं घेऊन द्या, महाग नसतात. लेबल लागणार नाही त्याला.