आवरण्याआधी आणणं थांबवा

रिकामी_खुंटी

गेल्या वर्षी १ जानेवारीला ठरवलं, वर्षभर नवीन काही घ्यायचं नाही. अन्न, औषधं, साबण-पेस्ट आणि मोडलेल्या वस्तूच्या जागी तीच वस्तू, एवढीच सूट. नेम अकरा महिने टिकला. मध्ये दोनदा मोडला. एकदा सँडलसाठी आणि एकदा चक्क कंटाळा आला म्हणून.

त्याआधी तीन वेळा घर 'आवरून' झालं होतं. पिशव्याच्या पिशव्या बाहेर काढल्या, मोकळ्या कपाटाचे फोटो काढले, आणि सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. चौथ्यांदा आवरायला बसले तेव्हा एकाच खणात चार कात्र्या निघाल्या. चारही मीच आणलेल्या, कारण दर वेळी आधीची सापडली नव्हती. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी इतकी वर्षं मागच्या दाराशी झटत होते आणि पुढचं दार सताड उघडं होतं.

उपाय साधाच केला. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. काही हवंसं वाटलं की वस्तू आणि तारीख लिहायची, तीस दिवसांनी परत बघायचं. वर्षात ६१ नोंदी झाल्या. महिन्यानंतरही हव्याशा वाटल्या त्या ९. एका नोंदीपुढे नुसतं "काचेचं ते उंच" असं लिहिलंय. ते काय होतं हे आजतागायत आठवलेलं नाही, पण लिहिलं त्या दिवशी त्याच्यावाचून माझं अडलं होतं हे नक्की.

दाराशीच का अडवायचं, याला एक पुरावाही आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन, अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या काही जणांना कॉफीचे मग दिले आणि किती पैशांना विकाल असं विचारलं. बाकीच्यांना विचारलं, तोच मग कितीला घ्याल? कॉफीचा मग हातात पडून फार वेळ झालेला नव्हता, तरी मालक झालेल्यांनी किंमत लावली ती घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे वस्तू एकदा घरात शिरली की ती आपल्याला आहे त्याहून मोलाची वाटायला लागते. मग ती काढताना जीव जातो. त्यापेक्षा आत घेऊच नये.

टोच्या

अभिनंदन! आता 'कमी वस्तूंत कसं जगावं' यावरची चार पुस्तकं कधी आणताय? त्यांना एक छान कपाटही लागेल. (हलकेच घ्या.)

गंमत सोडा, पण माझ्या ओळखीत जेवढे साधेपणावाले आहेत त्यांनी आधी जुनं सगळं काढून टाकलं आणि मग 'साध्या' वस्तू नव्याने घेतल्या. बांबूचे ब्रश, काचेच्या एकसारख्या बरण्या, कापडी पिशव्यांचा ढीग. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल आहे. प्लास्टिकच्या पिशवीच्या तोडीस तोड ठरायला साधी सुती पिशवी ७१०० वेळा वापरावी लागते. माझ्याकडे अशा अकरा पिशव्या आहेत, सगळ्या फुकट मिळालेल्या. गुणाकार तुम्हीच करा, मला पुढचे दोन-तीन जन्म बाजारहाट करावी लागेल.

अर्धविराम

@टोच्या, तो आकडा सगळे अर्धाच सांगतात. ७१०० हा सगळे पर्यावरणीय निकष एकत्र धरून आलेला आकडा आहे. नुसता हवामानावरचा परिणाम मोजला तर त्याच अहवालात तीच पिशवी साधारण ५२ वापरांत भरपाई करते. आणि त्या अभ्यासात इकडेतिकडे उडून गेलेल्या पिशव्यांचा कचरा धरलेला नाही. एक पिशवी घेऊन ती फाटेपर्यंत वापरा, एवढाच त्याचा अर्थ. अकरा घेऊ नका.

मूळ विषयावर. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचं उत्पन्न. अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये हेच मांडलं होतं. सगळ्यांनी एकदम हात आखडता घेतला तर सगळ्यांचंच उत्पन्न घटतं आणि शेवटी बचतही वाढत नाही. एका घराला जे शहाणपण, ते सगळ्या गावाने केलं की अवदसा. रिकामी_खुंटीताई, तुमचा नेम तुमच्यापुरता ठीक. पण 'सगळ्यांनी करावं' म्हणाल तर या प्रश्नाचं उत्तर द्या.

जुना_खिळा

हा चर्चेचा धागा वाचून आधी हसू आलं, मग थोडा राग.

माझ्याकडे खोक्यात, डब्यांत, बरण्यांत मिळून काय नाही ते विचारा. तुटलेल्या रेडिओची बटणं, तीन आकारांचे वॉशर, कापून ठेवलेल्या वायरी, कुठल्याशा कपाटाचं एकच बिजागर. बायको म्हणते अडगळ. पण आमच्या इमारतीत कुणाचं दार कुरकुरलं, कुणाच्या खुर्चीचा पाय हलला, कुणाला भिंतीला भोक पाडायचं झालं, की घंटा माझीच वाजते. गेल्याच महिन्यात एक 'मोकळं घर, मोकळं मन'वाले जोडपं ड्रिल मशीन मागायला आलं. दिलं. मनात म्हटलं, बाबांनो, तुमचं घर मोकळं आहे कारण माझं भरलेलं आहे.

धागाकर्तीताईंना एकच विचारतो. वर्षभरात उसनं किती घेतलंत? खरं सांगा.

रिकामी_खुंटी

@जुना_खिळा काका, बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलंत. मोजलं. शिडी दोनदा, ड्रिल एकदा, मोठी बॅग एकदा, बहिणीची शाल एकदा (ती अजून माझ्याकडेच आहे).

पण याला मी दोष मानत नाही. दहा घरांत मिळून एक ड्रिल पुरतं. वर्षात दोन भोकं पाडायला दहा घरांनी दहा ड्रिल का घ्यायची?

@अर्धविराम, केन्सचा तो मुद्दा मंदीच्या दिवसांतला, जेव्हा वाचवलेला पैसा कुठेच लागत नाही. मी वाचवलेले पैसे उशीत शिवून ठेवले नाहीत. दात नीट करून घेतले, सायकल दुरुस्त केली, एका शिक्षकाकडे तबला लावला. दातांचा डॉक्टर, सायकलवाला आणि तबल्याचे गुरुजी हेही उत्पन्नवालेच ना?

सांजसावली

मला या सगळ्या चर्चेत एक माणूस दिसत नाहीये. माझी आई.

आईचं बालपण ओढगस्तीत गेलं. आज तिला काही कमी नाही, तरी ती रिकामी बाटली टाकू शकत नाही. पिशव्या घडी घालून, त्यांवर पिशव्या घालून, त्या आणखी एका पिशवीत. तीन वर्षांपूर्वी मी असाच एक आवरण्याचा कार्यक्रम तिच्या खोलीत केला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्याखाली जाऊन त्यातल्या दोन पिशव्या परत घेऊन आली, मी उठायच्या आत. माझ्या नजरेला नजर देईना. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

'नसली तरी चालेल' असं म्हणणं ज्याला उद्या परत घेता येतं त्यालाच परवडतं. ताई, तुझ्यासाठी दुकान हेच तुझं कपाट आहे. लागेल तेव्हा दार उघडायचं. तुझी वस्तू तिथे पडून राहते आणि त्या जागेचं भाडं दुसराच कुणी भरतो. ज्याला ते दार कधी बंद होईल याची खात्री नाही, तो घरातच साठवणार. त्याच्या साठवण्याला अडगळ म्हणणं मला पटत नाही.

आणि गरिबाला स्वस्त वस्तू दर वर्षी घ्यावी लागते, पैसेवाल्याला महाग वस्तू दहा वर्षं पुरते. मग कमी खरेदी कोण करतो? पैसेवाला. आणि वर शिकवतोही तोच.

टोच्या

सांजसावली, टाळी. इथे विनोद सुचत नाही.

बटणवाला

थोडं आतलं सांगतो. काही वर्षं मी खरेदीच्या ॲपांचे पडदे रचायचं काम केलं. कंपनीचं नाव विचारू नका.

इथे सगळे मनाच्या निग्रहाबद्दल बोलतायत. आमच्या बैठकांत निग्रह हा शब्द कधी आला नाही. शब्द होता अडथळा. वस्तू आवडल्यापासून पैसे जाईपर्यंत माणूस जिथे जिथे थबकतो ती प्रत्येक जागा म्हणजे अडथळा, आणि तो घासून गुळगुळीत करायचा हे आमचं काम. ॲमेझॉनने एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीवर १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंटच मिळवलं होतं, ते २०१७ पर्यंत चाललं. एका क्लिकसाठी पेटंट! यावरून त्या क्लिकची किंमत ओळखा.

"फक्त २ शिल्लक", "आत्ता १४ जण बघत आहेत", उलटं धावणारं घड्याळ, टोपलीत ठेवून विसरलेल्या वस्तूची रात्री साडेनऊला येणारी आठवण. साडेनऊलाच का? दिवसभराने दमलेला माणूस नाही म्हणायचा कंटाळा करतो.

म्हणून धागाकर्तीचा कागद मला आवडला. तिने आम्ही काढलेला अडथळा परत बसवला, बस. अजून दोन सांगतो. ॲपमधून कार्डाची माहिती पुसून टाका, दर वेळी सोळा आकडे हाताने घाला. आणि सूचना बंद करा, एकूण एक. मी स्वतः एवढंच केलं, नेमबिम काही नाही. माझी खरेदी निम्म्याच्या खाली आली. (पत्ताही पुसून बघितला होता, पण मग खरंच लागणारं औषध मागवताना चिडचिड झाली. तो परत घातला.)

सुईदोरा

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीवर होते. लाईनवर काय होतं ते इथे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

ऑर्डर कमी झाली की मालकाचं काही जात नाही, आधी शेवटच्या लाईनवरच्या बायका घरी जातात. २०२० मध्ये महामारी आली आणि मोठमोठ्या ब्रँडांनी ऑर्डरी रद्द केल्या, तेव्हा बांगलादेशात लाखो शिवणकामगार घरी बसले. त्यांना कुणी 'साधेपणा' विचारला नव्हता. तुम्ही एक कुडता कमी घेतलात तर तुमचं कपाट हलकं होतं. तिचं काय होतं?

रिकामी_खुंटी

@सुईदोरा, हा प्रश्न मी टाळत होते हे कबूल. पण उलटा प्रश्नही आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. तेव्हा तर जग भरभरून कपडे घेत होतं. आपण जास्त घेतल्याने त्यांचं भलं होतं, हे मग कसं म्हणायचं?

सुईदोरा

जास्त घेतल्याने झालं नाही, खरं आहे. पण कमी घेतल्यानेही झालं नाही. झालं ते त्याच वर्षी कामगार संघटनांनी ब्रँडांकडून कायद्याने बांधणारा करार करून घेतला तेव्हा. इमारतींची तपासणी, दुरुस्तीला मुदत, नाही केली तर काम बंद. त्यात तुमच्या कपाटाचा काही संबंध नव्हता. तुम्ही कमी घ्या, जरूर घ्या, तुमच्या घरासाठी चांगलंच आहे. फक्त त्याने आमचा उद्धार होतो असं म्हणू नका.

आणि घेतलंच तर शिवण उलटून बघा. टाके दाट आहेत का, कडेला कापड सोडलंय का. कडेला कापड असलं तर उसवून सैल करता येतं, दोन वर्षं जास्त निघतात. हल्ली ते सोडतच नाहीत.

जुना_खिळा

सुईदोराबाईंच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं पूर्ण अनुमोदन. कमी घ्या असं माणसाला सांगण्याऐवजी, टिकेल असं बनवा हे कारखान्याला का सांगत नाही कुणी?

१९२४ साली जगातल्या बड्या दिवे-कंपन्या जिनिव्हात एकत्र बसल्या आणि पुढे ठरवलं की दिवा हजार तासांच्या वर चालता कामा नये. ज्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड! टिकाऊ बनवल्याबद्दल दंड, लक्षात घ्या. आता १०० वर्षांनी वारं थोडं उलट फिरतंय. फ्रान्सने २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दुरुस्तीचे दहापैकी गुण लिहिणं सक्तीचं केलं. सुटे भाग मिळतात का, खोलता येतं का, यावर गुण. असं सगळीकडे हवं. मग नेम कशाला करावा लागतो? वस्तू मोडलीच नाही तर माणूस दुकानात जाईल कशाला.

टोच्या

काका, कंटाळा आला म्हणून जाईल. धागाकर्तीच सांगतायत वर.

रिकामी_खुंटी

टोच्या, ते एकदाच झालं होतं!

पण काकांचं खरं आहे. माझ्या टेबलफॅनचं वेग बदलायचं बटण तुटलंय. पंखा ठणठणीत. नुसतं बटण कुठे मिळत नाही, दुकानदार म्हणाला नवीन पंखाच घ्या. माझ्या नियमात बसतं, मोडलेल्याच्या जागी तेच. तरी घेतला नाही. सध्या पकडीने फिरवते.

@सांजसावली, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. मीही आईच्या खोलीत हात घातला होता, पहिल्या आवरण्यात. तिच्या वस्तूंना मी हात लावायला नको होता. माझा कागद माझ्याच कपाटाच्या दारापुरता, हे मूळ लेखात लिहायला हवं होतं. बाकी दुकानाबद्दल तू म्हणतेस त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अर्धविराम

दात आणि तबल्याचा मुद्दा मान्य. पण सुईदोरा म्हणतात ती लाईनवरची बाई उद्या तबला शिकवायला बसणार नाही. पैसा एकीकडून दुसरीकडे वळतो हे कागदावर सोपं. माणसं तशी वळत नाहीत, मधली वर्षं त्यांची जातात. यावर माझ्याकडेही तयार उत्तर नाही, पण 'कमी घ्या'वाल्यांनी निदान तो खर्च मोजावा.

जुना_खिळा

@रिकामी_खुंटी, बटणाच्या आतल्या भोकाचा आकार सांगा. गोल आहे, की एका बाजूने चपटं? चपटं असेल तर रेडिओचं बटण थोडं कानशीने घासून बसेल. माझ्याकडे सहा आहेत.

रिकामी_खुंटी

एका बाजूने चपटं. बसलं तर पंखा गेल्यावर परत देईन!

जुना_खिळा

परत नको. डब्यात तेवढीच जागा होईल.

टोच्या

म्हणजे काका, तुम्हीही कमी करायला लागलात तर!

जुना_खिळा

छे. वॉशर ठेवायला जागा हवी होती.